सवलत की हक्क? : इंग्रजी अमलातील धर्मस्वातंत्र्याचे कायदे आणि आपले इंदूर

राजवाड्याहून निघून रेसिडेन्सीच्या दिशेने गेले की व्हाइट चर्च चौराहा लागतो. आज हे अंतर रिक्षाने सहज पार होते. पण १८८० च्या सुमारास या वाटेवर एक न दिसणारी रेघ होती. रेघेच्या अलीकडे होळकर दरबारचा हुकूम चाले आणि पलीकडे, रेसिडेन्सीच्या हद्दीत, इंग्रज सरकारचा. पलीकडे चर्चमध्ये उघडपणे प्रार्थना होत असे. अलीकडे शहराच्या बाजारात उभे राहून कोणी ख्रिस्ती धर्मावर बोलू लागला तर दरबारचे शिपाई त्याला थांबवीत.

आता गंमत पाहा. याच होळकर राज्यात मोहरमला सरकारी ताजिया निघत असे आणि त्याचा मान दरबार स्वतः राखत असे. म्हणजे दरबार इतर धर्मांचा द्वेष करणारा होता असे मुळीच म्हणता येणार नाही. मग मिशनऱ्यांना बंदी का? आणि इंग्रज स्वतः ख्रिस्ती असताना त्यांनी ती बंदी ताबडतोब का उठवली नाही?

इतिहासात १८५७ च्या उठावाची कारणे पाठ करताना 'इंग्रजांचा धार्मिक हस्तक्षेप' असा एक मुद्दा आपण लिहितो आणि पुढे जातो. त्या एका ओळीमागे काय काय दडले आहे ते आज समजून घेऊ. म्हणजे वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतील.

कंपनीला मिशनरी नको होते

आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा असतो की इंग्रज आले ते एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात बायबल घेऊन. पोर्तुगीजांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. गोव्यात १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने असा हुकूम काढला की, अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढवावे. पुढच्याच वर्षी तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय आले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. तेथे कायदा उघडउघड एकाच धर्माच्या बाजूने होता.

ईस्ट इंडिया कंपनीचे धोरण मात्र निराळे होते. कंपनीचे लक्ष व्यापाराकडे आणि महसुलाकडे. लोकांच्या धर्माला हात लावला तर बंड होईल ही तिला धास्ती. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी बंड केले. पगडी, गंध आणि दाढी यांविषयीचे नवे नियम हे त्याचे एक मोठे कारण होते. त्यानंतर तर कंपनी अधिकच सावध झाली. परवान्याशिवाय मिशनऱ्याला तिच्या मुलुखात राहता येत नसे. म्हणूनच विल्यम केरी यांनी १८०० साली आपले ठाणे कंपनीच्या कलकत्त्यात न मांडता शेजारच्या डॅनिश वसाहतीत, श्रीरामपूरला मांडले. हेच केरी पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागले. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला गेला.

मुंबईतही हाच अनुभव आला. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम मिळाला. बरीच अर्जविनंती आणि ओढाताण झाल्यावर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना राहू दिले. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखली गेलेली संस्था ती हीच.

त्याच वर्षी, १८१३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण केले आणि मिशनऱ्यांना परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा केला. १८३३ च्या सनदेने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांच्या कारणाने कोणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये, असे तिच्यात स्पष्ट लिहिले. प्रत्यक्षात मोठ्या जागा आपल्या लोकांना पुढे पुष्कळ वर्षे मिळाल्या नाहीत. पण 'धर्मावरून अपात्र नाही' हे तत्त्व कागदावर आले.

एका कलमाचा कायदा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समजा, एखाद्या तरुणाने धर्म बदलला. त्याच्या वडिलोपार्जित घराचे, शेताचे काय?

जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे पतित झालेल्या माणसाचा वारसाहक्क जात असे. १८३२ मध्ये बंगाल इलाख्यात एका नियमाने या रूढीला प्रथम धक्का दिला. नंतर लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, एप्रिल १८५० मध्ये, कंपनीच्या सर्व मुलुखासाठी कायदा झाला. तो १८५० चा २१ वा कायदा. त्याचे नाव मोठे, पण मजकूर अवघ्या एका कलमाचा. त्याचा आशय असा : कोणी आपला धर्म सोडला, किंवा त्याला धर्मातून अथवा जातीतून बाहेर काढले, एवढ्याच कारणाने त्याचे हक्क वा मालमत्ता जप्त होणार नाही आणि त्याच्या वारसाहक्काला बाध येणार नाही.

या कायद्याला कलकत्ता आणि मद्रासकडून जोरदार विरोध झाला. अर्ज गेले, हजारो सह्या गोळा झाल्या. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे केवळ हट्टाचे होते असे समजू नका. हिंदू धर्मशास्त्रात वारसा आणि श्राद्ध यांचा निकटचा संबंध आहे. जो पिंड देतो तो वारस. धर्मांतर केलेला मुलगा श्राद्ध करणार नाही, मग त्याने वाटा का घ्यावा, असा त्यांचा सवाल होता. शिवाय हा कायदा मिशनऱ्यांच्या सोयीसाठी केला, हाही संशय होता.

सरकारचे उत्तर असे की, माणसाच्या मनातील श्रद्धेची किंमत त्याच्या घरादाराने वसूल करणे न्यायाचे नाही. दोन्ही बाजू आपण समजून घ्याव्यात. कारण धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न घराच्या उंबरठ्याशी येतो तेव्हा तो नेहमीच असा अवघड होतो.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कायद्याच्या मजकुरात 'ख्रिस्ती' हा शब्द कोठेही नव्हता. त्याचा फायदा ख्रिस्ती झालेल्यांना मिळाला हे खरे. पण समुद्र ओलांडून विलायतेला गेला म्हणून, पुनर्विवाहात भाग घेतला म्हणून किंवा पंक्तीत निषिद्ध माणसाबरोबर जेवला म्हणून ज्याला जातीने वाळीत टाकले, त्याच्याही घराचे रक्षण याच कायद्याने केले. एका लहान गटासाठी मागितलेले संरक्षण समाजातील सुधारकांच्याही उपयोगी पडले.

मूल कोणाचे?

मालमत्तेपेक्षाही नाजूक प्रश्न मुलांचा. मुंबईत चार वर्षांच्या अंतराने असे दोन खटले झाले.

१८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. पारशी समाज खवळला आणि मुलाला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी झाली. आपले बरेवाईट कळण्याइतका हा तरुण मोठा आहे, असे न्यायालयाला वाटले आणि त्याला हवे तेथे जाण्याची मोकळीक मिळाली.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद सुमारे बारा वर्षांचा होता, तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील न्यायालयात गेले. या वेळी न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला.

न्यायालय तेच, कायदा तोच, निकाल वेगवेगळे. कारण निकालाचा आधार धर्म नव्हता, समज होती. निर्णय घेण्याइतके वय झालेल्याचे मन त्याचे स्वतःचे; लहान मुलाची जबाबदारी आईवडिलांची.

श्रीपादची कथा येथे संपत नाही. घरी परतलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मुंबईत मोठा वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून पुढाकार घेतला. त्याबद्दल सनातनी मंडळींचा रोष त्यांना सहन करावा लागला. न्यायालयाने मूल घरी पाठवले, पण समाजाचे दार उघडणे न्यायालयाच्या हातात नव्हते. त्यासाठी बाळशास्त्रींसारखा माणूस लागला.

नवरा-बायकोचा कायदा

यानंतरचा प्रश्न संसाराचा. नवऱ्याने धर्म बदलला आणि बायकोने बदलला नाही, किंवा उलट झाले, तर पुढे काय? दोघांनी जन्मभर असेच लटकत राहायचे का?

१८६६ मध्ये सर हेन्री मेन हे सरकारचे कायदेमंत्री असताना यावर कायदा झाला. योगायोग असा की, हाही त्या वर्षीचा २१ वाच कायदा. त्याची रीत सावकाश आणि विचारपूर्वक ठरवलेली होती. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला जोडीदाराने त्या कारणावरून सहा महिने सोडून दिले असेल तर तिने न्यायालयात अर्ज करायचा. न्यायाधीशाने दुसऱ्या बाजूला बोलावून विचारायचे की, तुम्ही एकत्र राहण्यास तयार आहात का? नकार आला तरी लगेच निकाल द्यायचा नाही. एक वर्ष थांबायचे. वर्षानंतरही नकार कायम असेल तरच विवाह मोडायचा आणि मग दोघांनाही पुन्हा लग्न करण्याची मुभा.

एक वर्ष थांबा, हे कायद्याने उगाच म्हटले नाही. मराठी वाचकाला याचे मर्म सांगण्यासाठी एकच उदाहरण पुरे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. मग पतीजवळ आल्या, तरी आपले सोवळेओवळे त्यांनी सांभाळले. हळूहळू त्यांच्या मनातील भेदभाव गळून पडले आणि १९०० साली त्यांनी स्वतः विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला हा सगळा प्रवास आठवत असेल. कायद्याने विवाह मोडण्याचा रस्ता उपलब्ध होता. त्या दोघांनी तो घेतला नाही. नवऱ्याने बायकोला ओढून नेले नाही आणि बायकोनेही नाते तोडले नाही. सक्ती नसली की माणसाला विचार करायला वेळ मिळतो, तो असा.

राणीचा जाहीरनामा आणि इंदूरची रेघ

आता परत आपल्या इंदूरला येऊ.

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. त्यात राणीने आपली ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धा बोलून दाखवली, पण ती प्रजेवर लादण्याचा आपल्याला हक्क नाही आणि इच्छाही नाही, असे सांगितले. धर्मावरून कोणावर मेहरनजर होणार नाही आणि कोणाला त्रासही होणार नाही, कायद्याचे संरक्षण सर्वांना सारखे मिळेल, असे वचन दिले. पण त्याच जाहीरनाम्यात दुसरेही एक वचन होते : संस्थानिकांशी झालेले करार पाळले जातील, त्यांचे हक्क आणि मान राखले जातील.

या दोन वचनांची टक्कर इंदुरात झाली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांचे राज्य इंग्रजांच्या छत्राखाली होते, तरी अंतर्गत कारभार दरबारचा. १८५० आणि १८६६ चे कायदे ब्रिटिश मुलुखासाठी होते. ते संस्थानात आपोआप लागू होत नव्हते.

१८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे मिशनरी इंदूर आणि महू येथे आले. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीस शहरातील त्यांच्या प्रचाराला दुसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या दरबाराने मनाई केली. मिशनऱ्यांनी राणीच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवले. त्या वेळी मध्य भारताचे एजंट सर लेपेल ग्रिफिन होते. आपल्या धर्माचे लोक म्हणून ते मिशनऱ्यांच्या पाठीशी उभे राहतील असे वाटले असेल, पण तसे झाले नाही. संस्थानच्या अंतर्गत कारभारात हात घालण्याची त्यांची तयारी नव्हती. प्रकरण थेट व्हाइसरॉयपर्यंत गेले आणि काही वर्षांच्या वादानंतर हळूहळू मिशनऱ्यांना काम करण्याची मोकळीक मिळाली. १८८७ मध्ये रेव्ह. जॉन विल्की यांनी इंदूर क्रिश्चन कॉलेज सुरू केले. पुढे त्या कॉलेजात सर्व जातिधर्मांच्या मुलांनी शिक्षण घेतले. गायक किशोरकुमार हे त्यांपैकीच एक.

सुरुवातीला पडलेल्या कोड्याचे उत्तर येथे आहे. ताजियाचा मान ही दरबारची उदारता होती. अशी उदारता फार मोलाची, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. राजाला पटले तर ताजिया निघतो. राजाला पटले नाही तर बाजारातले प्रवचन बंद होते. याला म्हणतात सवलत. हक्क ही गोष्ट निराळी. हक्कासाठी कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. १८८० च्या इंदुरात मिशनऱ्याला रेघेच्या अलीकडे सवलत मागावी लागत होती. आणि ती रेघ केवळ मिशनऱ्यांसाठी नव्हती. संस्थानातील कोणत्याही धर्माच्या माणसाला आपले स्वातंत्र्य दरबारच्या इच्छेवरच जपावे लागत होते.

दार दोन्ही बाजूंनी उघडते

धर्मांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच दिशा येते. इंदूरचा इतिहास दुसरी दिशाही दाखवतो. १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीने नाशिक येथे करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्याकडून हिंदू धर्माची दीक्षा घेतली. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या आणि तिसऱ्या तुकोजीराव महाराजांशी बडवाह येथे त्यांचा विवाह झाला. त्या वेळी देशभर चर्चा झाली. कोणी टीका केली, कोणी स्वागत केले. ख्रिस्ती कुटुंबातून आलेल्या तरुणीला हिंदू होण्याचे स्वातंत्र्य हवे असेल, तर हिंदू कुटुंबातल्याला ख्रिस्ती होण्याचे स्वातंत्र्य नाकारता येत नाही. एकाच दाराने माणसे आत येतात आणि बाहेरही जातात.

रेघ पुसली ती १९५० मध्ये

१९४८ मध्ये होळकर राज्य मध्य भारतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली आणि राजवाडा ते रेसिडेन्सी सगळीकडे एकच नियम आला. घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा घातली.

याचा अर्थ प्रश्न कायमचे सुटले असा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचेच पाहा. धर्म बदललेल्या व्यक्तीचा स्वतःचा वारसाहक्क टिकतो, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या आणि हिंदू नसलेल्या तिच्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. म्हणजे १८५० मधला वाद अजून अर्धा शिल्लक आहे. आपल्या मध्य प्रदेशात १९६८ मध्ये सक्ती, फसवणूक किंवा आमिष यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि सांगितले की, आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना समजावून सांगण्याचा हक्क घटना देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क देत नाही. २०२१ मध्ये त्या कायद्याच्या जागी अधिक कडक कायदा आला आणि त्यातील काही तरतुदींना न्यायालयात आव्हान दिले गेले. दुर्बळाला सक्तीपासून वाचवायचे आणि त्याच वेळी प्रौढ माणसाचा निर्णय त्याचाच राहू द्यायचा, हा तोल १८३९ आणि १८४३ च्या न्यायाधीशांना जसा साधावा लागला तसाच आजही साधावा लागतो.

शेवटी एवढेच

आपण मराठी माणसे इंदुरात कित्येक पिढ्यांपासून आहोत. आपली भाषा, आपला गणेशोत्सव, आपल्या शाळा येथे रुजल्या त्या होळकरांच्या आश्रयाने. राज्य गेले, आश्रय गेला, तरी हे सारे टिकून आहे. कारण आज आपली भाषा आणि आपल्या संस्था जपण्याचा अधिकार घटनेने आपल्याला हक्क म्हणून दिला आहे. प्रदेशात संख्येने थोडे असणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच सवलत आणि हक्क यांतला फरक आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात निरनिराळ्या घरची मुले-मुली असतील. कोणाच्या डब्यात काय आहे, कोण कोणत्या सणाला सुट्टी घेतो, यावरून चेष्टा होते तेव्हा एकाने तरी "त्याला जे मानायचे ते मानू दे" असे म्हणावे. कायद्याने श्रीपादला घरी पोहोचवले, पण त्याला पंक्तीत बसवण्यासाठी बाळशास्त्रींना उभे राहावे लागले. तुमच्या वर्गात ते काम तुम्हालाच करायचे आहे.

पुढच्या सुट्टीत आईबाबांबरोबर राजवाड्यापासून व्हाइट चर्च चौराह्यापर्यंत एकदा पायी जा. ती जुनी रेघ कोठे असेल याचा अंदाज करा. सापडली नाही तर आनंदच माना.